अर्धशिशीसोबत येणारी चक्कर : कोणते औषध, कोणाला आणि किती काळ?

घाटंजीकडचा_मास्तर
११ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

माझ्या पत्नीचे वय ३८ आहे. कॉलेजात असल्यापासून तिला अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून दोनतीनदा डोके दुखायचे, एक उलटी होऊन झोप लागली की उतरायचे, त्यामुळे घरात कोणी ते आजारपण म्हणून धरलेच नाही. अलीकडे मात्र डोकेदुखीच्या जोडीला, आणि कित्येकदा डोके अजिबात दुखत नसतानाही, तिला चक्कर येऊ लागली आहे. गेल्या हंगामात कापूस वेचताना ओटी भरली की ती मान वर करायची आणि सारे शिवार गरगर फिरू लागायचे; मग धुऱ्यावर डोळे मिटून पडून राहण्यावाचून इलाज नसे. हे कधी अर्ध्या तासात ओसरते, तर कधी दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. त्या वेळी तिला उजेड सोसत नाही आणि भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो.

सुरुवातीला मानेच्या मणक्याचे दुखणे म्हणून तिला बीटाहिस्टीन देण्यात आले. पुढे ती गोळी कोणी बंद केली नाही आणि तिचा उपयोग होतो की नाही, हेही कोणी विचारले नाही. जुनी चिठ्ठी दाखवायची आणि नवी स्ट्रिप आणायची, असे कितीतरी महिने चालले. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले. श्रवणचाचणी आणि एमआरआय दोन्ही ठीक निघाले. ही अर्धशिशीचीच चक्कर असून तिला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात, असे सांगून त्यांनी रात्री फ्लुनॅरिझिन १० मिलिग्रॅम सुरू केले. त्याने चक्कर खरोखरच कमी झाली. परंतु आता सकाळी उशिरापर्यंत तिची गुंगी उतरत नाही, वजन वाढले आहे, आणि एरवी शेजारपाजार बोलून दणाणून सोडणारी बाई दिवसदिवस गप्प बसून असते.

डॉक्टर म्हणतात की गोळी बदलू. प्रोप्रॅनोलॉल किंवा टोपिरामेट यांपैकी एक देऊ. पुढच्या भेटीपूर्वी मला एवढेच समजून घ्यायचे आहे की या गोळ्यांतून निवड कशाच्या आधारावर करतात, आणि उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला यांपैकी कोणती झेपेल. घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत; नातेवाइकांच्या कृपेने ते सगळे करून झाले आहेत.

आर्वी_मेडिकल
११ एप्रिल, रात्री १०:२५

मास्तर, मी औषधाचे दुकान चालवतो, डॉक्टर नाही. तेव्हा काउंटरवरून जे दिसते तेवढेच लिहितो.

आमच्याकडे 'चक्करची गोळी द्या' म्हणून मागणारे गिऱ्हाईक रोज येते आणि बहुतेकांना बीटाहिस्टीन, सिनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी काहीतरी हवे असते. यांतले बीटाहिस्टीन मुळात मेनिएरच्या आजारासाठी, म्हणजे कानात आवाज, बहिरेपणा आणि चक्कर हे तिन्ही जिथे असते त्या दुखण्यासाठी वापरले जाते. अर्धशिशीच्या चक्करेत त्याचा उपयोग होतो, असे छातीठोकपणे सांगता येईल एवढा पुरावा नाही. प्रोक्लोरपेराझिनचे तसे नाही. ती गोळी अटॅकमध्ये उलटी आणि गरगरणे दोन्ही लवकर शमवते. पण ती दोन-तीन दिवसांसाठी असते. लोक ती महिनोन्‌महिने घेतात, मग हात थरथरू लागतात, चाल मंदावते, आणि म्हाताऱ्या माणसाला कंपवात झाला असे घरचे समजतात. अशा वेळी मी एक स्ट्रिप देतो आणि दुसरीसाठी नवी चिठ्ठी मागतो. त्यावरून वादही होतात.

दुसरी गोष्ट डोकेदुखीच्या गोळ्यांची आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली किंवा ट्रिप्टान वर्गातली (खास अर्धशिशीच्या अटॅकमध्ये घ्यायची) गोळी १० किंवा त्याहून अधिक दिवस, असे सतत तीन महिन्यांवर चालू राहिले तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. तसे झाले असल्यास आधी ते थांबवावे लागते, नाहीतर वरून दिलेल्या प्रतिबंधक औषधाचा गुण दिसायला अडचण होते. वहिनींच्या पिशवीत किराणा दुकानातून आणलेल्या सुट्या गोळ्या असतील तर त्या एकदा मोजून पाहाव्यात.

कर्णपटल
१२ एप्रिल, सकाळी ७:०५

मास्तर, आपण लक्षणांचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे लिहिणे सोपे जाईल. मी कान-नाक-घसा विभागात काम करतो आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात चक्करेचे रुग्ण पुष्कळ असतात. रुग्णाला न पाहता मी कोणतेही औषध सुचवणार नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल एवढे मात्र सांगतो.

प्रथम निदानाविषयी. चक्कर आणि तोलाच्या विकारांचा अभ्यास करणारी बाराणी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी २०१२ मध्ये या आजाराचे निकष संयुक्तपणे ठरवले. पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत चालणाऱ्या, मध्यम किंवा तीव्र स्वरूपाच्या चक्करेचे किमान पाच अटॅक, अर्धशिशीचा आजचा किंवा पूर्वीचा इतिहास, आणि निम्म्या तरी अटॅकमध्ये अर्धशिशीचे एखादे वैशिष्ट्य, म्हणजे तशी डोकेदुखी, उजेड आणि आवाज दोन्ही न सोसणे, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा. शिवाय दुसऱ्या कोणत्याही आजाराने या साऱ्याचा अधिक चांगला उलगडा होत नसला पाहिजे. प्रत्येक अटॅकमध्ये डोके दुखलेच पाहिजे, अशी अट नाही. अनेक स्त्रियांचे डोके पाळी गेल्यावर दुखायचे थांबते आणि चक्कर तेवढी मागे उरते. अशा बाया वर्षानुवर्षे मणक्याचे पट्टे बांधून हिंडत असतात.

अंथरुणावर कूस बदलताच काही सेकंद गरगरत असेल, तर तो कानातल्या कणांचा दोष असतो. तो डोके ठरावीक दिशांनी फिरवण्याच्या एप्ली क्रियेने बहुधा एक-दोन बैठकांत बरा होतो आणि त्याला गोळी लागतच नाही. अर्धशिशीच्या रुग्णांत हा दोषही अधिक आढळतो, म्हणून तो एकदा तपासून घ्यावा. चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा अजिबात उभे राहता न येणे, यांपैकी काहीही पहिल्यांदाच झाले तर अर्धशिशी समजून घरी थांबू नये. तो मेंदूचा झटका असू शकतो. आणि आपण यवतमाळ जिल्ह्यातले आहात म्हणून आणखी एक सांगतो. फवारणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या माणसाला डोकेदुखी, चक्कर आणि उलटी यांच्या जोडीला लाळ, घाम, अंधुक दिसणे किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असे काही असेल, तर ती विषबाधा धरूनच थेट रुग्णालय गाठावे. २०१७ सालच्या फवारणीच्या विषबाधा आपल्याकडे कोणी विसरलेले नाही.

आता औषधे. अटॅक आल्यावर घ्यायची गोळी आणि अटॅक येऊ नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी या वेगळ्या असतात, हे आर्वीच्या भाऊंनी सांगितलेच आहे. रोजची गोळी केव्हा सुरू करायची, तर अटॅक वारंवार येत असतील किंवा मोजके असूनही कामातून उठवत असतील तेव्हा. या आजारासाठी खास शोधलेली एकही गोळी नाही. रक्तदाब, फिट, नैराश्य अशा आजारांतून डोकेदुखीच्या उपचारात आलेली आणि तिथून चक्करेकडे वळलेली ही औषधे आहेत. चक्करेवर एक गोळी दुसरीपेक्षा सरस ठरल्याचे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच माझी निवड गुणापेक्षा अवगुणावरून सुरू होते. या व्यक्तीला, तिच्या बाकीच्या दुखण्यांसह आणि तिच्या कामासह, कोणता दुष्परिणाम सोसणार नाही, हे मी आधी पाहतो.

प्रोप्रॅनोलॉल रक्तदाब किंवा धडधड असलेल्याला चांगले. दमा असणाऱ्याला मात्र ते देऊ नये आणि नाडी आधीच मंद असेल तर टाळावे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्यात साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ते झाकून टाकते. ते एकाएकी बंदही करायचे नसते. त्याच्यासोबत अटॅकसाठी रिझाट्रिप्टान द्यायचे झाल्यास त्याची मात्रा कमी ठेवावी लागते, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे त्याचे रक्तातले प्रमाण वाढते.

ॲमिट्रिप्टिलिन झोप न येणाऱ्याला उपयोगी पडते. सुरुवात रात्री १० मिलिग्रॅमने, क्वचित त्याच्याही निम्म्याने करतात. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ आणि सकाळची सुस्ती हे त्याचे त्रास आहेत. काचबिंदू, लघवी अडकणे किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर ते नको. मनात सतत भीती असणाऱ्या आणि अटॅक नसतानाही जमीन हलल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णासाठी मी व्हेन्लाफॅक्सिनचा विचार करतो. सुरुवातीला त्याने मळमळते आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

टोपिरामेटने वजन उतरते, त्यामुळे फ्लुनॅरिझिनने जाड झालेल्या रुग्णाला ते आवडते. पण त्याने बोटांना मुंग्या येतात, शब्द पटकन आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो, आणि घाम कमी येतो. घाम कमी येण्याच्या नोंदी मुलांमध्ये अधिक आहेत. तरीही पारा ४५ अंशांपुढे असताना उन्हाळवाहीच्या मातीत धसकटे वेचणाऱ्या बाईला ही गोळी सुरू करताना माझा हात अडखळतो. सुरू करायचीच तर पाऊस पडून हवा उतरल्यावर, आणि भरपूर पाणी पिण्याच्या बोलीवर.

फ्लुनॅरिझिनचा गुण आपण पाहिलाच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पन्नासेक रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला होता आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चक्कर कमी झाली, डोकेदुखीत मात्र ठळक फरक दिसला नाही. झोप आणि वजन हे दोन्ही त्रास त्यातही नोंदले गेले होते. परंतु आपल्या पत्रातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट ती गप्प झाली ही आहे. फ्लुनॅरिझिनने मन खचू शकते. हे डॉक्टरांना पुढच्या भेटीपर्यंत न थांबता उद्याच फोनवर कळवावे, आणि ती जगण्याला कंटाळल्याचे काही बोलत असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

पूर्णाकाठची
१२ एप्रिल, दुपारी ३:५०

मी दर्यापूरकडची आहे, अंगणवाडीत काम करते, आणि मला हाच आजार आहे. टोपिरामेटविषयी डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते मी अंगाने भोगले आहे, म्हणून थोडे लिहिते.

माझी चक्कर त्या गोळीने निश्चित कमी झाली होती आणि वजन उतरल्यामुळे सासूबाईही खूश होत्या. मात्र बोटांच्या टोकांना सतत मुंग्या येत असत. सोड्याची बाटली उघडली तर तिला काही चवच लागत नसे. हजेरीचे रजिस्टर भरताना रोज समोर बसणाऱ्या लेकरांची नावे ऐन वेळी आठवत नसत, आणि हे मला चक्करेपेक्षा जड गेले. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. इथले पाणी कसे आहे ते सर्वांना ठाऊक आहे, आणि मुतखड्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. माझ्या वडिलांना खडा होऊन गेला होता, हे डॉक्टरांना सांगताच त्यांनी टोपिरामेट हळूहळू कमी करून प्रोप्रॅनोलॉलवर आणले.

त्याने मी आता बरी आहे. पायऱ्या चढताना पूर्वीपेक्षा लवकर थकते आणि हात गार पडतात, पण हे सोसण्यासारखे आहे. एक गोष्ट मात्र मला कोणी आधी सांगितली नव्हती: गोळीचा परिणाम कळायला दीड-दोन महिने जातात. पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक न दिसल्यामुळे मी ती सोडून देणार होते.

लग्नसराईविषयीही लिहायचे आहे. गोळी चालू असतानाही डीजेच्या दणक्यात आणि फिरत्या दिव्यांत उभे राहिले, त्यातून जेवणाच्या पंगतीला चार वाजले, की माझी चक्कर हमखास येते. गोळीने अटॅक कमी होतात, म्हणून उपाशी आणि जागे राहण्याची मुभा मिळत नाही.

हिशेबी_माणूस
१२ एप्रिल, रात्री ८:३०

वरची चर्चा उपयुक्त आहे. परंतु एक अवघड प्रश्न कोणीतरी विचारायला हवा, म्हणून विचारतो. या गोळ्या खरोखर काम करतात का?

उपचारांच्या पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये या आजाराच्या प्रतिबंधक औषधांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. २०२३ मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा तीन अभ्यास मिळाले. त्यांतील रुग्ण एकूण २०९, आणि पुराव्याची खात्री अत्यंत कमी, असा शेरा. या तिघांतला मोठा अभ्यास जर्मनीतला असून तो प्रोप्रॅनोलॉलच्याच वर्गातील मेटोप्रोलॉलचा होता. १३० रुग्णांना सहा महिने खरी किंवा खोटी (औषध नसलेली) गोळी दिली आणि चक्कर दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. अटॅकमध्ये घ्यायच्या रिझाट्रिप्टानचा अमेरिकेतील अभ्यासही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्करेच्या बाबतीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

असे असेल तर एका कास्तकाराच्या घरून दरमहा तपासणी, प्रवास आणि गोळ्या यांचा खर्च कशासाठी करवून घ्यायचा? माझा रोख कोणा डॉक्टरावर नाही. उत्तर खरोखर हवे आहे.

कर्णपटल
१३ एप्रिल, सकाळी ६:४५

प्रश्न रास्त आहे आणि आपण दिलेले आकडेही बरोबर आहेत.

जर्मनीतील अभ्यास पुरेसे रुग्ण न मिळाल्यामुळे ठरल्यापेक्षा लवकर थांबवावा लागला, हे त्याच्या निष्कर्षासोबत वाचले पाहिजे. तेवढ्याने मेटोप्रोलॉल गुणकारी ठरत नाही. फक्त ते निरुपयोगी असल्याचे शिक्कामोर्तबही होत नाही. दोन्ही गटांत चक्कर कमी झाली याला माझ्या मते अधिक महत्त्व आहे. हा आजार आपोआप चढतो आणि उतरतो. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बहुधा त्रास शिगेला असताना, त्यामुळे त्यानंतर काहीही दिले तरी पुढचे महिने बरे जाण्याचीच शक्यता जास्त. शिवाय नीट निदान झाले, आपल्या डोक्यात गाठ नाही हे कळले, रोज नोंद ठेवू लागलो, जेवण आणि झोप वेळेवर होऊ लागली, याचाही परिणाम असतोच.

दुसरी बाजू अशी की प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनॅरिझिन यांचा अर्धशिशीच्या डोकेदुखीवरचा पुरावा पुष्कळ चांगला आहे, आणि या रुग्णांपैकी बहुतेकांना डोकेदुखीही असते. तुर्कस्तानात २०१६ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आणि व्हेन्लाफॅक्सिन यांची तुलना झाली. दोन्हींनी चक्कर सारखीच उतरली, परंतु त्यात खोट्या गोळीचा गट नव्हता, त्यामुळे आपला प्रश्न तिथेही सुटत नाही. अलीकडे, २०२४ मध्ये, गॅल्कॅनेझुमॅब या महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा चाळीसेक रुग्णांवरचा अमेरिकेतील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात खोट्या इंजेक्शनपेक्षा खरा फायदा दिसला. अभ्यास लहान आहे, आणि ते इंजेक्शन घाटंजीच्या कास्तकाराला परवडेल अशी परिस्थिती आज नाही.

तेव्हा माझ्यापुरता मी असा नियम ठेवला आहे: गोळी स्वस्त असावी, तिचा धोका कमी असावा, एका वेळी एकच असावी, आणि तिला मुदत असावी. सोसेल त्या पुरेशा मात्रेवर दोन महिने देऊन पाहायचे. चक्करेचे दिवस निम्म्यावर आले नाहीत तर ती कमी करत बंद करायची. पहिली तशीच ठेवून तिच्यावर दुसरी चढवायची नाही. गुण आला तर सहा महिने ते वर्षभर चालवून हळूहळू उतरवायची. दरमहा जिल्ह्याला जाण्याचीही गरज नसते. एकदा मात्रा बसली की रक्तदाब आणि नाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येते, आणि मधली एखादी भेट ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर होऊ शकते. गोळ्या जेनेरिक घ्याव्यात.

हे सारे नोंदीवाचून होत नाही. माझ्या रुग्ण बायांना मी वही करायला सांगत नाही, कारण वही हरवते. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयच्या चौकोनात चक्करेसाठी 'च', डोकेदुखीसाठी 'डो', पाळीसाठी 'पा' आणि वेदनाशामक घेतली तर एक टिंब, एवढेच लिहायचे आणि येताना ते पान घडी करून आणायचे. त्या पानावर हळदीचे डाग असतात, कुठे दुधाचा हिशेब असतो, पण त्यावरून मला जे समजते ते 'बरं वाटतं जी' या उत्तरावरून समजत नाही.

झाडीपट्टीतली_सिस्टर
१३ एप्रिल, दुपारी १:१५

मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रावर आहे. दोन गोष्टी राहून गेल्यासारख्या वाटल्या.

पहिली म्हणजे मूल होण्याच्या वयातील स्त्रिया. हा आजार प्रामुख्याने त्यांनाच होतो. अर्धशिशीसाठी व्हॅल्प्रोएटही देतात. ती गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग येण्याचा आणि पुढे त्याची बुद्धी मागे राहण्याचा धोका असतो. अर्धशिशीसाठी तरी अशा स्त्रीला ती देऊ नये. टोपिरामेटही गरोदरपणात धोक्याचे आहे. आमच्याकडे बाई दिवस राहिल्याचे तिसऱ्या महिन्यानंतर सांगायला येते, म्हणून गोळी सुरू होतानाच कुटुंबनियोजनाचे काय, हे विचारले गेले पाहिजे. पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम टोपिरामेटच्या जास्त मात्रेने कमी होऊ शकतो, हेही त्या बाईला कळले पाहिजे.

दुसरी म्हणजे रक्त. मोहाच्या दिवसांत बाया पहाटे अनाशापोटी जंगलात जातात, तासन्‌तास वाकून फुले वेचतात आणि ऊन चढल्यावर चक्कर आली म्हणून उपकेंद्रात येतात. त्यांतल्या बऱ्याच जणींचे हिमोग्लोबिन सात-आठ असते, आणि आमच्या भागात सिकलसेलही आहे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, की पडल्यापडल्याही घर फिरते, एवढे विचारले तरी दोन्ही प्रकार बरेचसे वेगळे काढता येतात. अर्धशिशी असणाऱ्या बाईला पांडुरोगही असू शकतो, त्यामुळे महागड्या तपासण्यांच्या आधी रक्त आणि रक्तदाब पाहिलेला बरा. रक्त कमी आणि रक्तदाब उतरलेला असताना प्रोप्रॅनोलॉल दिले तर ती बाई आणखीच पडेल.

घाटंजीकडचा_मास्तर
१६ एप्रिल, रात्री ९:१०

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि काल प्रत्यक्ष जाऊन आलो.

पत्नीशी डॉक्टर एकटीशी बोलले. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार तिच्या मनात नाही, परंतु कशातच मन लागत नाही असे तिने सांगितले, आणि हे तिने मलाही सांगितले नव्हते. फ्लुनॅरिझिन बंद केले आहे. ते शरीरातून निघायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे गुंगी आणि उदासी लगेच उतरणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

प्रोप्रॅनोलॉलचा विषय निघाला तेव्हा पूर्णाकाठच्या ताईंचे वाचून आमचे मन तिकडेच झुकले होते. परंतु घरात कापूस साठवला की दरवर्षी पत्नीच्या छातीतून शिटी वाजते आणि तिला लहानपणी दम्याचा पंप होता, हे बोलण्यातून पुढे आले आणि ती गोळी बाद झाली. टोपिरामेट उन्हाळ्यात नको, हे डॉक्टरांनाही पटले. पावसाळ्यानंतर गरज पडली तर पाहू म्हणाले. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ९.८ आहे, त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. झोप तुटक असल्यामुळे आणि मन उदास असल्यामुळे त्यांनी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री लिहून दिले आहे. मात्रा वाढवायची की नाही, ते महिनाभराने ठरवतील. अटॅकसाठी उलटीची गोळी आणि साधी वेदनाशामक, दोन्ही आठवड्यातून दोन दिवसांच्या आत. बीटाहिस्टीन थांबवायला सांगितले.

आता शंका अशी आहे की आधीच्या गोळीची गुंगी शिल्लक असताना ही दुसरी झोपेची गोळी चालेल का, आणि उन्हाच्या बाबतीत हिचे काय?

कर्णपटल
१७ एप्रिल, सकाळी ७:२०

दोन्ही शंका योग्य आहेत. काही दिवस दोन्हींची गुंगी एकत्र जाणवेल. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन अगदी निजायच्या वेळी न घेता रात्रीच्या जेवणानंतर, आठच्या सुमारास घेतले तर सकाळची सुस्ती कमी राहते. तरीही ती उठून उभी राहताना तोल जात असेल तर मात्रा निम्मी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे; स्वतःहून तोडून घेऊ नये. हे पहिले दिवस तिने स्कूटी चालवू नये, विहिरीच्या काठाशी जाऊ नये आणि धाब्यावर वाळवण घालायला शिडीने चढू नये.

उन्हाविषयी बोलायचे तर ॲमिट्रिप्टिलिनही घाम थोडा कमी करते. दहा मिलिग्रॅमवर मला त्याची फार धास्ती वाटत नाही, तथापि मे महिन्यात वावरातले काम सकाळी दहाच्या आत आटोपावे आणि तोंड कोरडे पडते म्हणून केवळ चॉकलेट चघळत न राहता पाणी प्यावे. अंग तापून घाम थांबला, किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत रुग्णालयात न्यावे. त्या वेळी 'नेहमीची चक्कर आहे' असे म्हणत कोणी वाट पाहू नये.

चक्करेचे दिवस मोजायला आजपासूनच सुरुवात करा. फ्लुनॅरिझिनचा उरलेला अंमल ओसरल्यावर मे-जूनमध्ये चक्कर पुन्हा थोडी वाढू शकते. तसे झाले तर नवी गोळी निकामी ठरली असे लगेच समजू नका. पूर्ण जून आणि जुलैची पाने हातात आल्यावर डॉक्टरांसोबत ठरवा. मन मात्र त्याआधी, पंधरा दिवसांत, पुन्हा तपासून घ्या.

आर्वी_मेडिकल
१७ एप्रिल, सकाळी ९:००

मास्तर, एक दुकानदारी सूचना. उरलेल्या फ्लुनॅरिझिनच्या आणि बीटाहिस्टीनच्या स्ट्रिपा घरात ठेवू नका. न कापलेली स्ट्रिप बिलासह नेली तर बरेच दुकानदार परत घेतात. जुन्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत 'बंद' असे लिहून ठेवा, म्हणजे आपण शाळेत असताना घरचे कोणी ती दाखवून तीच गोळी पुन्हा आणणार नाही. आणि नव्या चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात 'दमा आहे' असे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. उद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात, धडधड होते म्हणून कोणी प्रोप्रॅनोलॉल लिहिले, तर निदान काउंटरवरचा माणूस तरी ते वाचेल.